औंधातलं मटणाचं दुकान, मागच्या दाराने पाहिलेलं

परिहार चौकातून औंध गावाकडे आत शिरलं की एक मटणाचं दुकान लागतं. गेले बरेच महिने आमच्या घरचं मटण तिथून येतं. पाटीवरचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे तीन तक्रारी आहेत. त्या मालकांना समोर सांगून झाल्या आहेत, दोन त्यांनी मान्यही केल्या आहेत, तेव्हा नावानिशी चारचौघांत मांडायचं कारण नाही. औंधात राहणाऱ्याला वर्णनावरून दुकान ओळखू येईल.

पहिल्यांदा गेले तो बुधवार होता. काउंटरला न थांबता मी बाजूच्या बोळातून मागे गेले. मागे दोन निळे पिंप होते, दोन्हींना झाकण. एकावर खडूने ‘हाडं, चरबी’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘आतडी’. एकही कुत्रं घुटमळत नव्हतं. फरशी ओली होती, पण पाणी स्वच्छ होतं. तेवढ्यात मालक आतून आले. सगळं गिऱ्हाईक त्यांना मामा म्हणतं. त्यांनी विचारलं, “काय पाहिजे बाई, इकडे मागे?” मी म्हटलं, “पिंप बघते आहे.” ते म्हणाले, “मग झाकण काढून बघा की,” आणि स्वतःच झाकण उचललं. मी पुढे येऊन अर्धा किलो सीना आणि चाप मागितलं.

मी निवृत्त पशुवैद्यक आहे. परळच्या कॉलेजात शिकले, जुन्नर, शिरूर, पुरंदर अशा तालुक्यांत दवाखाने सांभाळले आणि शेवटची काही वर्षं औंधाला ऑफिसात काढली. मटणाचं दुकान मी मटणावरून पारखत नाही. काउंटरवर टांगलेलं धड कुणीही पुसून, ट्यूबलाइटखाली लावून चांगलं दाखवू शकतं. गिऱ्हाइकाच्या पिशवीत जे गेलं नाही ते कुठे गेलं, कशातून गेलं, कोणी नेलं, हे मी विचारते. आधी ज्या दुकानातून घेत होते तिथला पोरगा एका संध्याकाळी गळकं पोतं स्कूटरवर घालून मुळा नदीच्या पुलाकडे जाताना मला दिसला. दुसऱ्या दिवसापासून मी ते दुकान सोडलं. मटण त्यांचंही कोवळं असायचं.

या दुकानाचे बोकड महापालिकेच्या कोंढव्याच्या कत्तलखान्यातून कापून येतात. सकाळी साडेसहाच्या सुमारास गाडी येते. गाडी चारी बाजूंनी बंदिस्त आहे, आत पत्रा, वरून आकडे. धडं आकड्याला टांगलेली असतात, टेम्पोच्या फळीवर एकावर एक टाकून वर ताडपत्री ओढलेली नसते. रानावर, म्हणजे मांडीवर, तपासणीचा शिक्का असतो आणि तो मामा शेवटपर्यंत कापत नाहीत, गिऱ्हाइकाने मागितला तर दाखवतात. मला सगळ्यांत आवडलं ते पत्र्याच्या बिल्ल्यांचं काम. प्रत्येक धडाच्या पायाला दोऱ्याने बिल्ला बांधलेला, त्यावर नंबर. तोच नंबर मुंडीच्या कानाला, तोच नंबर कलेजी-फुप्फुसाच्या पिशवीला. मुंडी, पाया, वजडी सगळं वेगवेगळं विकलं जातं, पण कुठलं कुठल्या बोकडाचं हे संध्याकाळपर्यंत सांगता येतं. पुण्यात मी इतकी दुकानं फिरले, हे दुसरीकडे पाहिलेलं नाही.

त्या बिल्ल्याचा उपयोग मला दुसऱ्याच महिन्यात दिसला. पाव किलो कलेजी घ्यायला गेले होते. मामांनी कलेजी फळीवर ठेवली, सुरी घातली आणि थांबले. आत पांढुरक्या पडद्याची, पाण्याने भरलेली गाठ होती, मोठ्या द्राक्षाएवढी. बाहेरून काही दिसत नव्हतं, तपासणीत निसटली असणार. पुष्कळ दुकानदार तेवढा भाग छाटून बाकीची कलेजी तोलतात. मामांनी अख्खी कलेजी, तिच्याबरोबरचं फुप्फुस आणि तिल्लीही वेगळ्या पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली, बिल्ल्याचा नंबर वहीत लिहिला आणि पोराला म्हणाले, “आतड्यांच्या पिंपात टाक आणि झाकण दाब.” मला म्हणाले, “ही आज नाही देत, मॅडम. शुक्रवारी या.” मी कोण आहे हे तोवर त्यांना ठाऊक नव्हतं. मी नंतर सांगितलं, तेव्हापासून ते मला डॉक्टरबाई म्हणतात.

ही पाण्याची गाठ म्हणजे काय, हे मटण खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. कुत्र्याच्या आतड्यात एक अगदी बारीक, काही मिलिमीटर लांबीचा पट्टकृमी असतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर जातात, शेळी-मेंढी ते गवत खाते आणि तिच्या कलेजीत, फुप्फुसात अशा गाठी धरतात. ती कच्ची गाठ कुत्र्याच्या तोंडी पडली की चक्र पुन्हा सुरू होतं. माणूस या चक्रात कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे अडकतो. हात न धुता खाल्लं, कुत्र्याला कुरवाळलेला हात तोंडात गेला, पालेभाजी नीट धुतली नाही, एवढं पुरतं. मग त्याच्या यकृतात गाठ वाढत राहते, वर्षानुवर्षं, आणि शेवटी ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागतं. शिजवलेल्या कलेजीतून हा आजार होत नाही. म्हणजे दुकानदाराने ती गाठीची कलेजी मला विकली असती तर मी कदाचित काही न होता पचवली असती. दुकानामागच्या कुत्र्याला टाकली असती तर गल्लीतल्या पोराला धोका होता. म्हणून मी आधी मागे जाते.

ही नजर नोकरीतली आहे. फाशी रोगाने, ज्याला काही जण काळपुळी म्हणतात, मेलेला बैल पाहायला मी एकदा शिरूरकडच्या एका वस्तीवर गेले होते. नाकातून न गोठलेलं काळपट रक्त, पोट फुगलेलं. मालकाला निदान कातडं तरी काढून घ्यायचं होतं, बैल हजारोंचा गेला होता. मी तिथे उन्हात दुपारभर उभी राहिले आणि कुणाला सुरी लावू दिली नाही. त्या जंतूंना उघडी हवा मिळाली की ते बीजाणू धरतात आणि मातीत दशकानुदशकं टिकतात. धड न फाडता, जागेवरच, पुरुषभर खोल खड्ड्यात पुरायचं. ओढत न्यायचं नाही, बैलगाडीत घालून ओढ्याकाठी टाकायचं नाही. तो माणूस माझ्यावर फार चिडला होता. त्याचं दुःख मला कळत होतं, पण त्या गोठ्यात अजून चार जनावरं होती.

आणि ही नजर पक्की झाली ती भलतीकडेच, अमेरिकेत, लेकीच्या घरी. २०२३ च्या नोव्हेंबरात मी विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात होते. लेकीचा नवरा तिकडचाच, शिकारी घरातला. तिथे बंदुकीने हरीण मारायचा मोसम थँक्सगिव्हिंग या तिथल्या सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या वर्षी १८ नोव्हेंबरला सुरू झाला. पहाटे चारला जावई भडक नारिंगी जाकीट घालून निघाला तेव्हा मी जागीच होते. मला ते सोपं गेलं नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. शिकाऱ्यांनी मारलेल्या चिंकाऱ्याचं शवविच्छेदन मी वनखात्यासाठी केलेलं आहे, कोर्टात साक्ष दिलेली आहे. आणि इथे घरातला माणूस, परवाना काढून, थर्मासमध्ये कॉफी भरून निघालेला. दुपारी तो एक नर घेऊन आला. पांढऱ्या शेपटीचं हरीण, आपल्या चितळापेक्षा अंगाने भरलेलं.

पण पुढचे दोन दिवस मी जे पाहिलं त्याने माझं मत बदललं. शिकारीबद्दलचं मत तेच आहे. मेलेलं जनावर हलवण्याच्या शिस्तीबद्दलचं बदललं.

तिथल्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा रोग आहे, सगळे सीडब्ल्यूडी म्हणतात. हरीण झिजत जातं, लाळ गाळतं, माणसाची भीती विसरतं आणि मरतं. इलाज नाही, लस नाही. १९६७ साली कोलोरॅडोत एका संशोधन केंद्रात पाळलेल्या हरणांमध्ये तो पहिल्यांदा ध्यानात आला. विस्कॉन्सिनमध्ये २००२ च्या फेब्रुवारीत सापडला, आधीच्या नोव्हेंबरात मारलेल्या तीन हरणांमध्ये, मॅडिसनच्या पश्चिमेला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तोवर तो कुठेच सापडला नव्हता. याला कारण ना जिवाणू ना विषाणू. शरीरातलंच एक प्रथिन वेडीवाकडी घडी घालून घेतं आणि शेजारच्या चांगल्या प्रथिनांनाही तशीच घडी घालायला लावतं. त्याला प्रायॉन म्हणतात, त्यावरच्या कामासाठी स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ चं नोबेल मिळालं. प्रायॉन शिजवून मरत नाही, गोठवून मरत नाही. आम्ही प्रयोगशाळेत सगळं ज्यात बुडवून ठेवायचो त्या फॉर्मॅलिननेही तो निष्प्रभ होत नाही. मातीत, विशेषतः चिकणमातीत, तो वर्षानुवर्षं टिकतो.

आता हलवण्याचा प्रश्न कुठे येतो? लागण झालेलं हरीण दीड-दोन वर्षं ठणठणीत दिसतं. शिकारी ते मारतो, गाडीत घालतो, दोनशे मैल दूर आपल्या गावी नेतो, मांस काढून घेतो आणि डोकं, कणा, हाडं मागच्या रानात टाकून देतो. प्रायॉन सगळ्यांत जास्त असतो मेंदूत, मज्जारज्जूत, डोळ्यांत, टॉन्सिलमध्ये, तिल्लीत आणि लसिका ग्रंथींमध्ये. म्हणजे नेमकं जे टाकलं जातं त्यात. तिथली हरणं त्या जागेवर चरतात. चालत जाऊन जो रोग त्या गावी पोचायला कित्येक वर्षं लागली असती तो एका रात्रीत, डिकीत बसून पोचतो.

म्हणून नियम आहेत आणि ते धडाच्या कुठल्या भागाला किती प्रवास करू द्यायचा असे बारकाईने केलेले आहेत. जावयाने हरीण मारलं आयोवा काउंटीत, घर शेजारच्या डेन काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखं. रोगाच्या काउंटीतलं अख्खं धड त्याच काउंटीत किंवा तिला लागून असलेल्या काउंटीत नेता येतं. त्यापलीकडे अख्खं न्यायचं तर शिकारीच्या नोंदणीपासून ७२ तासांच्या आत परवाना असलेल्या खाटकाकडे किंवा पेंढा भरून देणाऱ्याकडे पोचवायचं. ते नको असेल तर हाडं काढायची आणि नुसतं मांस न्यायचं.

जावयाचा भाऊ मिनेसोटाहून आला होता, त्यालाही एक हरीण मिळालं. मिनेसोटात बाहेरच्या कुठल्याच राज्यातून अख्खं धड आणायला परवानगी नाही. मग तिघांनी मिळून, म्हणजे ते दोघं भाऊ आणि मी, गॅरेजमध्ये टेबलावर प्लास्टिक अंथरलं आणि त्याच्या हरणाची हाडं काढली. बाहेर शून्याच्या खाली तापमान, हातात रबरी मोजे. मी चाळीस वर्षांत इतक्या जनावरांना सुरी लावली, पण अशी नाही. करवत वापरायची नाही, कणा चिरायचा नाही, कवटी फोडायची नाही. फरा सांध्यातून मोकळा करायचा. पाठीचं मांस कण्याला न दुखवता बाजूने सोडवायचं. मांसातल्या ग्रंथी आणि चरबी काढून टाकायची. सुऱ्या नंतर निम्मं पाणी, निम्मं ब्लीच अशा पाण्यात तासभर बुडवून ठेवल्या. त्याला सरहद्दीपार नेता आलं ते एवढंच: हाडाविना मांस, डोकं नसलेलं कातडं आणि मेंदू पूर्ण खरवडून धुतलेल्या कवटीच्या चकतीवरची शिंगं.

डोकं तपासणीला दिलं. तेही पाहण्यासारखं होतं. रस्त्याकडेला एक टपरीसारखी पेटी असते, कोणी माणूस बसलेला नाही. शिंगं आधी काढून घ्यायची, मानेचा थोडा भाग ठेवून डोकं पिशवीत घालायचं, फॉर्म भरायचा, हरीण कुठे मारलं ते लिहायचं, नंबर बांधायचा, पिशवी पेटीत सोडायची. पैसे लागत नाहीत. घशाच्या मागे दोन लसिका ग्रंथी असतात, त्या काढून तपासतात. त्या नेमक्या कुठे असतात हे मी जावयाला बोटाने दाखवलं, तेव्हा पहिल्यांदा तो मला सासूबाई सोडून डॉक्टर म्हणून बघतोय असं वाटलं. हाडं आणि उरलेलं सगळं दुहेरी पिशवीत बांधून शिकाऱ्यांसाठीच ठेवलेल्या मोठ्या कचरापेटीत गेलं. तिथून ते खाली अस्तर घातलेल्या कचराडेपोत जातं, रानात नाही.

निकाल यायला बारा दिवस लागले. तोवर मांसाला कोणी हात लावला नाही, नंबर लिहून फ्रीजरमध्ये ठेवलेलं. या रोगाची माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरीही लागण निघालेलं मांस खाऊ नका असं तिथलं रोगनियंत्रण केंद्र सांगतं, आणि घरात लहान मूल असताना लेक त्याबाबत ठाम होती. दोन्ही निकाल ‘आढळला नाही’ असे आले. मग मी पुण्याहून नेलेला काळा मसाला घालून रस्सा केला. चरबी फार कमी, तेल जरा जास्त घालावं लागलं. काही मांस जावयाने सॉसेजसाठी एका दुकानात दिलं होतं, तिथेही त्याने लिहून दिलं होतं की माझं मांस दुसऱ्याच्या हरणात मिसळू नका.

जेवताना त्याच्या भावाने विचारलं, तुमच्याकडे असे नियम आहेत का. मी त्याला पुण्याची गोष्ट सांगितली. बुळकांडीने गुरं कळपाकळपाने मरत होती म्हणून १८८९ मध्ये देशातली पहिली सरकारी जीवाणू प्रयोगशाळा पुण्यात निघाली. पुढे १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली, कारण इतका सांसर्गिक रोग वस्तीपासून दूर ठेवूनच हाताळायला हवा होता. तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. बुळकांडी २०११ मध्ये जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. लस तर होतीच, पण जनावर कुठून कुठे जातं यावरची पाळतही होती. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा महाराष्ट्रात गुरांचे बाजार बंद झाले, जनावरांची वाहतूक थांबली, ते याच शहाणपणातून. नियम आपल्याकडे आहेत. माणसं ते पाळतात की नाही हे दुकानाच्या मागे गेल्यावर कळतं.

जाता जाता त्याने मला शिंगाचा तुकडा भेट म्हणून देऊ केला. मी घेतला नाही. आपल्याकडे चितळ-सांबराचं शिंग परवानगीशिवाय घरात बाळगणं गुन्हा आहे, आणि भिंतीवरचं शिंग कुठल्या हरणाचं हे दारात आलेल्या माणसाला कसं पटवणार? त्याला ते समजावून सांगितलं, त्याने मान डोलावली.

हे वाचून कोणी मुंडी किंवा भेजा खायचा सोडू नये. हा हरणांच्या कुळातला रोग आहे आणि भारतात तो आढळलेला नाही. मी स्वतः महिन्यातून एकदा याच दुकानातून मुंडी आणते. मामा ती भाजून, खरवडून, दोन भागांत फोडून देतात, केसाचा वास राहत नाही. पण जो अवयव आपण आवडीने मागतो तोच दुसऱ्या जनावरात, दुसऱ्या देशात सरहद्दीवर अडवला जातो, हे एकदा हाताने केल्यावर माझ्या डोक्यातून जात नाही. अवयव कुठल्या धडाचा, हा प्रश्न मग आपोआप तोंडात येतो.

खिमा मी इथे बिनधास्त घेते. मामा गिऱ्हाइकासमोर रानाचा तुकडा कापतात आणि तेवढाच मशीनमध्ये घालतात, आधीचा काढून, जाळी उघडून, गरम पाणी सोडून. रविवारी गर्दीत यासाठी पाच-सात मिनिटं जास्त जातात, लोक कुरकुरतात. सकाळपासूनच्या सगळ्या छाटणीचा एकत्र ढीग करून दळलेला खिमा स्वस्त पडतो, पण त्यात किती बोकड आहेत हे कुणालाच सांगता येत नाही.

मटण थंड मिळतं. धड आल्यावर शीतपेटीत टांगतात आणि त्यातूनच कापतात. यावरून आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन ज्येष्ठांची नाराजी आहे, त्यांना गरम मटण म्हणजेच ताजं वाटतं. माझा अनुभव उलट आहे. काही तास थंडाव्यात टांगलेलं मटण कुकरला लवकर शिजतं आणि दाताला लागत नाही. आळणी पाणी स्वच्छ निघतं, वर फेस कमी येतो. नल्ली मागितली तर वेगळे पैसे न घेता घालतात. मागच्या आठवड्यात किलोला ८४० रुपये दिले, आजूबाजूच्या दुकानांपेक्षा ४० जास्त. त्या ४० रुपयांत मागचे दोन पिंप, बंद गाडी आणि बिल्ले येतात, असं मी धरते.

घरपोच सेवेची मी परीक्षाच घेतली. नोकरीतला काट्याचा थर्मामीटर अजून माझ्याकडे आहे. एप्रिलपासून अधूनमधून, दुपारी बाराला, मटण आलं की पिशवी उघडून मांसात काटा खुपसायचा आणि लिहून ठेवायचं. सहा वेळा केलं. पाच वेळा ४ ते ७ अंश आलं. स्कूटरच्या मागे जाड झाकणाची थर्माकोलची पेटी, आत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, मटण सीलबंद पिशवीत आणि वजडी वेगळ्या पिशवीत, वेगळ्या कप्प्यात. पोरगा पेटी रोज संध्याकाळी धुऊन उपडी घालतो, तेही पाहिलं.

सहावी वेळ ही पहिली तक्रार. आखाडाच्या शेवटच्या रविवारी पेट्या पुरल्या नाहीत आणि मटण साध्या पिशवीत, स्कूटरच्या हुकाला टांगून आलं. काटा २१ अंश. मी फोन केला, मामा स्वतः येऊन पिशवी घेऊन गेले आणि दुसरं आणून दिलं. पण त्या दिवशी बाकीच्या घरी जे गेलं ते परत आलं नसणार. पेट्या कमी असतील तर घरपोच ऑर्डर घेऊ नका, लोकांना दुकानात येऊ द्या, असं मी सांगितलं. त्यांनी मान्य केलं आणि दिवाळीआधी दोन नवीन पेट्या आल्या.

दुसरी तक्रार लाकडी ठोकळ्याची. मधोमध भेग आहे, बोटाचं नख जाईल एवढी. रात्री खरवडून मीठ घासतात, तरी भेगेत चरबी राहतेच. बदला म्हणून चार वेळा सांगितलं. चिंचेचा चांगला ठोकळा मिळत नाही असं मामा म्हणतात. हे कारण मला पटलेलं नाही, निम्मं काम पॉलिथिनच्या पाटावर होऊ शकतं. या एका गोष्टीसाठी मी दुकानाचा एक तारा कापते.

तिसरी तक्रार पिंपांचीच आहे आणि म्हणून ती मला जास्त लागते. कचरा नेणारी गाडी रोज रात्री येते, पण सणाच्या दुसऱ्या दिवशी ती चुकते. धुळवडीच्या दुसऱ्या सकाळी मी मागे गेले तर आतड्यांच्या पिंपाचं झाकण अर्धवट उचललेलं आणि दोन कुत्री. मामांना बोलावून दाखवलं. त्यांनी कुत्री हाकलली, झाकणावर दगड ठेवला आणि गाडीवाल्याला माझ्यासमोर फोन लावला. आता झाकणाला कडी बसवली आहे आणि मोठ्या सणाला ते तिसरा पिंप आणतात. गेल्या शनिवारी पाहिलं तेव्हा कडी लावलेली होती.

जायचं असेल तर बुधवारी किंवा शुक्रवारी आठच्या आत जा, तेव्हा सीना आणि गर्दन दोन्ही मिळतात आणि मामांना बोलायला वेळ असतो. रविवारी नऊनंतर रांग रस्त्यावर येते. मुंडी आणि पाया आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागतात. बोळाचं फाटक अकरापर्यंत उघडं असतं, मागे जायचं म्हटलं तर ते अडवत नाहीत.